न्यूअर्कच्या वेढ्यातला १६४६ चा शिलिंग: घेण्याआधी काय तपासावे?

शिसपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी लेस्टरला राहतो. इथल्या एका नाणेविक्रेत्याकडून इंग्लंडातल्याच न्यूअर्क गावचा, शंकरपाळीच्या आकाराचा चांदीचा शिलिंग परतीच्या बोलीवर घरी आणला आहे. चौदा दिवसांत परत केला तर पूर्ण पैसे मिळतील असे पावतीवर लिहून घेतले आहे.

पुढच्या बाजूला मुकुट, त्याच्या डावीकडे सी, उजवीकडे आर (लॅटिनमध्ये ‘राजा चार्ल्स’ची आद्याक्षरे) आणि खाली बाराचा रोमन आकडा, म्हणजे बारा पेन्सचा एक शिलिंग. मागे तीन ओळी: ओबीएस (‘वेढलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे लघुरूप), न्यूअर्क, १६४६. दोन्ही बाजूंना कडेने मण्यांची किनार. वरच्या कोपऱ्यात पूर्वी भोक होते आणि ते बुजवले आहे, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगितले. अक्षरांच्या बुडाशी, खोलगट जागी पिवळसर झाक दिसते.

मुघल रुपये आणि शिवराया हाताळायची सवय आहे, त्यामुळे हाताने ठोकलेले नाणे कसे दिसते ते कळते. पण वेढ्यातली इंग्रजी नाणी पहिल्यांदाच हातात आली आहेत. नाणे खरे की ओतीव? पिवळी झाक म्हणजे सोन्याचा मुलामा की नुसता मळ? बुजवलेल्या भोकामुळे सोडून द्यावे का? आणि घरच्या घरी चांदीचा कस किती भरवशाने पाहता येईल? माझ्याकडे ०.०१ ग्रॅमचा काटा आहे.

---

ऐरण

परतीची अट लेखी घेतलीत हे उत्तम. आता चौदा दिवस नीट वापरा आणि नाणे कशानेही घासू नका, पुसू नका. पिवळ्या झाकेचा उलगडा व्हायचा असेल तर ती जागेवर राहायला हवी.

सुरुवात चित्रापासून करू नका, कडेपासून करा. इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात न्यूअर्क राजाच्या बाजूचे, आणि त्याला १६४५ च्या नोव्हेंबरपासून १६४६ च्या मेपर्यंत वेढा होता. एका बाजूला स्कॉटिश फौज, दुसऱ्या बाजूला पार्लमेंटची. बाहेरून पैसा येणे बंद झाले, पण शिबंदीचा पगार तर द्यायचाच होता. म्हणून राजाच्या बाजूच्या लोकांकडची चांदीची भांडी घेतली, चपटी करून कातरीने कापली आणि तुकड्यांवर ठसा मारला. गोल चकत्या पाडायच्या तर कापताना बरीच चांदी उरते आणि ती पुन्हा वितळवावी लागते. पट्टी तिरकी कापत गेले की शंकरपाळीचे तुकडे पडतात आणि जवळजवळ काही वाया जात नाही. भांड्यांची चांदी आणि नाण्यांची चांदी यांचा ठरलेला कस एकच होता, हजारात ९२५. त्यामुळे शुद्ध करत बसायचीही गरज नव्हती.

यामुळे खऱ्या नाण्याची कड कातरलेली असते. दहापट भिंगाखाली कड आडवी धरून पाहा. कातरीने कापलेल्या पत्र्यात जाडीचा एक भाग गुळगुळीत कापला जातो आणि उरलेला फाटतो, त्या बाजूला बारीक कोर उठते. वापरून कोर झिजली तरी दोन भागांतला फरक चारपैकी एखाद्या कडेवर तरी उरतो. ओतीव नकलेत असे होत नाही. तिथे ओतण्याची शिवण कानशीने घासून काढलेली असते, म्हणून कडेच्या लांबीला समांतर बारीक रेघा दिसतात. चारही कडांवर त्याच रेघा दिसल्या तर नाणे त्याच दिवशी परत करा.

जाडी चारही कोपऱ्यांना मोजा. ठोकून चपट्या केलेल्या भांड्याची जाडी एकसारखी नसते. कोपऱ्याकोपऱ्यात थोडा फरक निघाला तर चांगले. यंत्रातून काढलेल्या आजच्या पत्र्याची जाडी चारही कोपऱ्यांना तंतोतंत सारखी येते.

मग ठसा. मण्यांची किनार नीट बघा. ठशात एकेक मणी वेगळा ठोकलेला असल्यामुळे मण्यांमधले अंतर कमीजास्त होते, एखादा मणी शेजारच्याला चिकटतो. अक्षराच्या पायथ्याशी, जिथे उंच भाग सपाट पृष्ठभागाला मिळतो, तिथली रेघ करकरीत हवी. ओतीव नकलेत तिथे कोपरा मऊ होतो आणि सपाट भागावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे किंवा फोड दिसतात. एका बाजूला मुकुट जिथे जाड उठला आहे, त्याच्या बरोबर मागे दुसऱ्या बाजूचे अक्षर कच्चे उठलेले असेल तर घाबरू नका. दोन ठशांमध्ये एकाच जागी धातू कमी पडला की हाताने ठोकलेल्या नाण्यात असे होतेच.

रुपयांच्या सवयीमुळे एका ठिकाणी फसगत होऊ शकते. मुघल रुपयाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकूर कापला गेला तर आपण ते गृहीतच धरतो. न्यूअर्कच्या तुकड्यावर ठसा बसण्यापुरती जागा ठेवलेली असते. एका बाजूचे मणी थोडे बाहेर गेले तर चालते. दोन-तीन बाजूंची किनारच गायब असेल तर कोणीतरी नंतर कड कापली आहे असे समजा, आणि ती चोरी वजनात दिसलीच पाहिजे.

कडा आणि मुकुट यांचे तिरक्या उजेडात काढलेले फोटो टाका.

---

खुर्दा

वजनाचा हिशेब. त्या काळी लंडनच्या टॉवर टांकसाळीत ५,७६० ग्रेनच्या एका ट्रॉय पौंड चांदीतून ६२ शिलिंग पाडत. म्हणजे शिलिंगला ९२.९ ग्रेन, आपल्या हिशेबात ६.०२ ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहून जरासा जास्त. न्यूअर्कवाल्यांनी हेच प्रमाण धरले. तीस पेन्सचा हाफ क्राउन १५.०५ ग्रॅम, नऊ पेन्स ४.५१ आणि सहा पेन्स ३.०१. हे ठरलेले वजन झाले. झीज आणि घाईची कातरी धरून शिलिंग पावणेसहाच्या आसपास असेल तर काही गैर नाही. साडेपाचच्या खाली गेला तर कारण डोळ्यांना दिसले पाहिजे.

नऊ पेन्सचे नाणे इंग्लंडच्या नेहमीच्या टांकसाळीत पाडतच नव्हते. न्यूअर्कची नाणी जमवणाऱ्यांना त्यामुळेच त्याचे जास्त आकर्षण. १६४५ च्या काही शिलिंगांवर मुकुट ओबडधोबड, चपटा आहे आणि गावाच्या नावाच्या शेवटी एक जादा ई आहे. १६४६ च्या नाण्यांवर ती ई नाही. १६४६ चे साल, चपटा मुकुट आणि जादा ई असे तिन्ही एकत्र दिसले तर मी तरी हात लावणार नाही.

सालाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचे. आपण ज्याला १६४६ चा फेब्रुवारी म्हणतो, तो त्यांच्या लेखी १६४५ चाच. म्हणून ‘१६४५’ म्हणजे नोव्हेंबर ते २४ मार्च आणि ‘१६४६’ म्हणजे २५ मार्च ते मेचा पहिला आठवडा, जेमतेम सहा आठवडे. ५ मेला राजा चार्ल्स पहिला जवळच्याच साउथवेलला स्कॉटिश फौजेच्या स्वाधीन झाला, त्याच्याच आज्ञेने न्यूअर्कच्या किल्लेदाराने, लॉर्ड बेलासिसने, शरणागतीवर सही केली आणि ८ मेला शिबंदी बाहेर पडली. त्या सहा आठवड्यांत गावात प्लेगही होता. अशा अवस्थेतही तुकड्यांचे वजन प्रमाणाच्या इतके जवळ ठेवले, याचे मला फार अप्रूप वाटते.

हाच सालाचा घोळ पाँटिफ्रॅक्ट या दुसऱ्या वेढलेल्या किल्ल्याच्या नाण्यांवर लोकांना गोंधळात टाकतो. ३० जानेवारी १६४९ ला चार्ल्सचा शिरच्छेद झाला, त्यानंतर पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यातून त्याच्या मुलाच्या नावाने शिलिंग पाडले. ‘बापाच्या मृत्यूनंतर मुलासाठी’ अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे, आणि साल मात्र १६४८! चूक नाही. मार्च १६४९ मध्ये किल्ला पडला तोवर त्यांचे १६४८ संपायला आले होते, एवढेच. एखादा विक्रेता ‘साल चुकीचे पडलेले दुर्मिळ नाणे’ म्हणून चढा भाव सांगत असेल तर त्याला हे ऐकवा.

---

शिसपेन्सिल

दोघांचेही आभार. कडांचे आणि मुकुटाचे फोटो टाकले आहेत.

काट्यावर वजन ५.७४ ग्रॅम. चार कोपऱ्यांची जाडी मिलिमीटरमध्ये: ०.९१, ०.८४, ०.९७, ०.८८. तीन कडांवर कातरीचा फाटलेला भाग दिसतो. चौथी कड, म्हणजे भोकाच्या कोपऱ्याची डावी बाजू, गुळगुळीत आहे आणि तिथे कानशीच्या रेघा आहेत.

पिवळी झाक मुकुटाच्या कमानींच्या आत आणि मागच्या बाजूच्या न्यूअर्कमधल्या के अक्षराच्या काखेत आहे. उंच भागावर अजिबात नाही. कडांवर कुठेच नाही. आणि नवीन दिसलेली गोष्ट: पुढच्या बाजूला आर अक्षराच्या खालून दोन समांतर बारीक रेघा तिरक्या जातात. ओरखडा आहे की आणखी काही?

---

ऐरण

फोटो पाहून आनंद झाला. रेघांचा फोटो मोठा करून पाहिला. या रेघा आरच्या एका पायापाशी थांबतात आणि पायाच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू होतात, पायावर चढत नाहीत. नंतर पडलेला ओरखडा असता तर आधी उंच भागावर, म्हणजे अक्षराच्या माथ्यावर, दिसला असता. या उलट आहेत. ठसा पडण्याआधीच चांदीत होत्या आणि अक्षर वर उठताना तेवढ्या जागेपुरत्या पुसल्या गेल्या. त्या मूळ भांड्यावरच्या कोरीव कामाच्या रेघा असाव्यात. न्यूअर्कच्या काही तुकड्यांवर राजघराण्याच्या ताटांवरचे राजचिन्हदेखील असेच अर्धवट उरलेले आढळले आहे. तशा तुकड्याची किंमत वेगळीच. तुमच्याकडे दोनच रेघा आहेत, त्यावरून भांडे कोणाचे ते कळणार नाही, पण नाणे भांड्यातून कापलेले आहे याचा तो चांगला पुरावा आहे.

मुलाम्याचा तर्कही तसाच चालवायचा. भांडे आधी मुलामा दिलेले, मग कापलेले. म्हणजे कातरलेल्या कडेवर सोने नसले पाहिजे, आणि तुमच्या कडांवर ते नाही. उंच भागावरचे वापरून गेले आणि कोपऱ्यांत राहिले, हेही बरोबर जुळते. कडांवरही एकसारखे सोने असते तर दोन शक्यता: आजची, विजेने मुलामा दिलेली नक्कल, किंवा खरे नाणे कोणीतरी पुढे दागिना म्हणून गळ्यात घालण्यासाठी मुलाम्यात बुडवलेले.

कानशीची कड एकच आहे आणि ती भोकाच्या शेजारची आहे. भोक बुजवणाऱ्याने वर आलेला डाग (झाळकामाचा धातू) घासून सपाट केला तेव्हाचे ते काम असावे. चारही कडांना कानस असती तर मत वेगळे दिले असते.

आता कस. विशिष्ट गुरुत्वाची (नाणे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड, याची) चाचणी करा, पण काटा बदला. शिलिंग पाण्यात साधारण ०.५५ ते ०.५८ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तेवढ्यात पावणेदोन टक्क्यांची चूक सहज होते, म्हणजे उत्तरात ०.१८ चा फरक. ९२५ कसाच्या चांदीचे गुरुत्व १०.३६, आणि ऐंशी टक्के चांदी व बाकी तांबे असेल तर १०.१४. तुमचा काटा या दोन्हींतला फरक दाखवणारच नाही. ०.००१ ग्रॅमचा काटा हवा.

पद्धत अशी. पाणी उकळून पूर्ण गार करा, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा जाते. शक्यतो आसुत पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रावाचा एकच थेंब टाका. पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बाहेरच्या आधाराला टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. टेकले तर आकडा एकदम उडी मारतो, तेव्हा लगेच कळते. काटा आता दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. हवेतले वजन भागिले हा आकडा, झाले गुरुत्व. बुडबुडा चिकटून राहिला तर आकडा वाढतो आणि गुरुत्व खोटे कमी येते, म्हणून नाणे पाण्यात हलकेच हलवून घ्या आणि तीनदा मोजा. नंतर मऊ सुती कापडात दाबून सुकवा, घासू नका.

टणत्कार ऐकायला म्हणून फरशीवर टाकून पाहू नका. जुनी ठोकलेली चांदी ठिसूळ झालेली असू शकते. शिवाय बुजवलेले भोक आवाज बद्द करते, त्यामुळे ती चाचणी इथे फसवीच ठरेल.

---

कसोटी

एक भर घालतो. तुमच्या गावात किंवा जवळच्या विद्यापीठात एक्स-रे फ्लुरोसन्सचे यंत्र (आपल्याकडे सराफांच्या दुकानात कस पाहायला असते तेच) मिळाले तर करून घ्या, नाण्याला इजा होत नाही. पण आकडा वाचताना दोन गोष्टी सांभाळा.

किरण केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोल जातात. जुन्या चांदीच्या वरच्या थरातले तांबे काळाच्या ओघात निघून गेलेले असते, म्हणून यंत्र ९२५ ऐवजी ९४०, ९५० दाखवू शकते. एवढ्यावरून नाणे खोटे ठरवू नका.

दुसरे, कसापेक्षा बारीकसारीक धातूंकडे लक्ष द्या. त्या काळच्या चांदीत शिसे आणि थोडे सोने शिल्लक असायचे. आज विजेने शुद्ध केलेल्या चांदीत ते जवळजवळ नसते. चांदी आणि तांबे सोडून यंत्राला काहीच सापडले नाही, तर कस बरोबर ९२५ असूनही मी ते नाणे आजचे मानेन. मात्र सोन्यासाठी ही मोजणी मुलामा नसलेल्या उंच जागी करा. मग पिवळ्या जागेवर वेगळी मोजणी घ्या. जुना मुलामा पाऱ्यात सोने कालवून, आगीवर पारा उडवून देत, आणि थोडा पारा मागे राहतोच. सोन्याबरोबर पारा दिसला तर आगीचा मुलामा. पारा शून्य असेल तर विजेचा. बुजवलेल्या भोकावर तिसरी मोजणी घ्या. तिथे जस्त किंवा कथील निघेल, ते डागाचे आहे, नाण्याचे नाही.

---

शिसपेन्सिल

मिलिग्रॅमचा काटा मिळवला. हवेत ५.७४२, पाण्याचे वाचन तीन वेळा ०.५५८, ०.५५७, ०.५५९. गुरुत्व १०.२९ येते. १०.३६ पेक्षा कमी आहे. काळजी करू का?

---

ऐरण

नको. ओळीने तीन वाचने इतकी जवळ आली म्हणजे मोजणी चांगली झाली. भोकातला डाग चांदीपेक्षा हलका आणि सच्छिद्र असतो, तो गुरुत्व खाली ओढतो. त्यातच पाण्याच्या पृष्ठभागावर दोऱ्याभोवती होणारा ताण आहे, दोन मिलिग्रॅमची चूक तेवढ्याने होते आणि उत्तर ०.०४ ने हलते. कथलाची नक्कल साडेसातच्या आत राहिली असती, पितळेची साडेआठच्या आसपास. तुकडा चांगल्या चांदीचा आहे. पण गुरुत्वाने चांदी सिद्ध होते, वय नाही. वयासाठी कड, रेघा आणि ठसा.

ठशाची शेवटची तपासणी राहिली आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. ब्रिटिश म्युझियम आणि केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमचे संग्रह इंटरनेटवर फोटोंसह पाहता येतात. न्यूअर्कमध्येच नॅशनल सिव्हिल वॉर सेंटर आहे, तुम्हाला ते अर्ध्या दिवसात होईल. तिथल्या १६४६ च्या शिलिंगांशी तुमचा पडताळा घ्या. ठसा जुळला पाहिजे: मुकुटाच्या कमानीवरच्या मण्यांची मांडणी, आरच्या पायाची तिरकाई, ४ आणि ६ मधले अंतर. आणि बाह्यरेषा मात्र जुळता कामा नये, कारण कातरीने कापलेले दोन तुकडे तंतोतंत सारखे येत नाहीत. ठसाही तोच, कोपऱ्यांचे कोनही तेच आणि एखादा योगायोगाने पडलेला खड्डाही त्याच जागी असेल, तर दोन्हींपैकी किमान एक दुसऱ्याच्या साच्यातून निघाला आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या इलेक्ट्रोटाइप (विजेने धातूचा थर चढवून काढलेल्या) प्रतींचीही हीच अडचण आहे. त्या खऱ्या नाण्यावरूनच काढलेल्या, म्हणून तपशील करकरीत. पण दोन पातळ कवचे जोडून मध्ये शिसे भरलेले असते, कडेभर शिवण दिसते. तुमच्या कडा पाहता ती शंका उरत नाही.

---

खुर्दा

भोकामुळे नाणे सोडावे का, यावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. वेढ्यातली नाणी राजनिष्ठेची आठवण म्हणून गळ्यात घालायचे, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात भोक असलेली बरीच सापडतात. उघडे जुने भोक हा त्या नाण्याच्या इतिहासाचा भाग आहे. बुजवणे ही नंतरची दुरुस्ती आणि माझ्या मते तिने नाण्याचे नुकसानच होते: मण्यांची किनार तिथे हाताने पुन्हा कोरलेली असते आणि नवखा माणूस फसतो. विक्रेत्याने सांगितले म्हणून तुम्हाला कळले. किंमत बुजवलेल्या भोकाची द्या, अखंड नाण्याची नको. आणि डाग काढून भोक पुन्हा उघडायच्या भानगडीत पडू नका, उष्णतेने उरलासुरला मुलामा जाईल.

---

दमडी

चर्चा वाचतोय, छान चालली आहे. माझे बजेट न्यूअर्कचे नाही. याच युद्धातली हाताने ठोकलेली चांदीची नाणी कमी पैशांत घ्यायची तर कशी सुरुवात करावी? स्कारबरोचा एक तुकडा स्वस्तात दिसला होता.

---

खुर्दा

स्कारबरोचा तुकडा स्वस्तात दिसला म्हणजेच घेऊ नका. स्कारबरो हाही राजाच्या बाजूचा वेढलेला किल्ला, १६४५ च्या जुलैपर्यंत लढला. तिथे चांदीचे तुकडे वजनाला जुळवून कापलेच नाहीत. तुकडा जेवढा भरेल तेवढी किंमत त्यावर ठोकली, त्यामुळे शिलिंग आणि वर काही पेन्स अशा आडवळणाच्या किमती येतात. चित्र साधे, आकार वाटेल तो, म्हणून नक्कल करणाऱ्यांना तेच सोपे. मागचे मालक कागदोपत्री सिद्ध होत नसतील तर स्कारबरो खोटेच धरून चाला. कार्लाइलच्या वेढ्यातले १६४५ चे शिलिंग आणि तीन शिलिंगही तसेच दुर्मिळ आणि महाग. वेढ्यातल्या नाण्यांत न्यूअर्क त्यातल्या त्यात सुलभ, त्याखालोखाल पाँटिफ्रॅक्ट.

कमी पैशांत लंडनच्या टॉवर टांकसाळीपासून सुरुवात करा. १६४२ पासून टॉवर पार्लमेंटच्या ताब्यात होता, तरी नाणी राजाच्याच नावाने आणि चेहऱ्याने पडत राहिली. राजाशी लढणाऱ्या सैन्याचा पगार राजाच्या चेहऱ्याच्या चांदीत! टांकसाळीच्या खुणेवरून वर्ष कळते: कंसातला पी १६४३-४४, कंसातला आर १६४४-४५, डोळा १६४५, सूर्य १६४५-४६, राजदंड १६४६-४९. या खुणांचे झिजके शिलिंग आणि सहा पेन्स आवाक्यात असतात. खूण अक्षरांच्या ओळीच्या सुरुवातीला, मुकुटाच्या वर शोधा. ती वाचता आली नाही तर नाणे युद्धातले की आधीचे हे ठरवता येत नाही, म्हणून चेहरा झिजलेला चालेल पण खूण स्पष्ट हवी.

थोडे जास्त खर्चता आले तर ऑक्सफर्डचा हाफ क्राउन. लंडन हातचे गेल्यावर राजाने थॉमस बुशेलकरवी आधी १६४२ मध्ये श्रूजबरीला आणि १६४३ च्या सुरुवातीपासून ऑक्सफर्डच्या न्यू इन हॉलमध्ये टांकसाळ चालवली. कॉलेजांची चांदीची भांडी तिकडेच गेली. मागच्या बाजूला राजाची घोषणा तीन ओळींत: प्रोटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे, पार्लमेंटचे स्वातंत्र्य. वर तीन पिसांचे तुरे. याच नमुन्यात वीस शिलिंगांचे चांदीचे नाणेही पाडले, वजन १२० ग्रॅमच्या आसपास. ते संग्रहालयातच बघावे.

कडा कापलेली नाणी मात्र वजन करूनच घ्या. १६९६ च्या पुनर्नाणेकरणात हाताने ठोकलेली नाणी मागे घेऊन वितळवली, तोवर लोकांनी त्यांच्या कडा सर्रास कातरल्या होत्या. शिलिंग ६.०२ चा ४.८ वर आला असेल तर बाहेरची मण्यांची ओळ गेलेली असते, आणि बहुतेक वेळा टांकसाळीची खूणही तिच्याबरोबर.

---

शिसपेन्सिल

बुजवलेल्या भोकाच्या मुद्द्यावर विक्रेत्याने किंमत कमी केली, नाणे ठेवतो आहे. शनिवारी न्यूअर्कला जाऊन ठसा पडताळेन. शेवटचे दोन प्रश्न: ठेवायचे कशात? आणि दिवाळीला पुण्याला येताना मित्रांना दाखवायला आणू का?

---

कसोटी

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिशात ठेवू नका, ते पीव्हीसी असते आणि काही वर्षांत चांदीवर हिरवट चिकट थर आणते. आम्लविरहित कागदाचे पाकीट किंवा मायलर या निर्धोक प्लॅस्टिकचे कडक कव्हर घ्या. कोपरे टोकदार आहेत, म्हणून गोल नाण्यांच्या डबीत बसवायचा प्रयत्न करू नका, टोके दुमडतील. चांदी उजळवायचा कुठलाही द्राव लावू नका, काळेपणाबरोबर मुलाम्याखालची चांदीही खाल्ली जाते.

पुण्याला आणू नका. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, आणि खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून आलेले आहे हे परतताना विमानतळावर पटवत बसावे लागेल, तेही हातात जुनी इंग्रजी नाणी घेऊन. मित्रांना दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो दाखवा.

पावती, परतीची अट, वजनाचे आणि पाण्याचे आकडे एका कागदावर लिहून नाण्याबरोबर ठेवा. त्यावर ‘वरचा कोपरा बुजवलेला’ हे आजच स्वतःच्या अक्षरात लिहा, म्हणजे पुढच्या मालकाला ते भिंग न लावताही कळेल.